आतेभावाची फाईल

आमच्या कॉलेजात कार्यशाळा ठरली की पहिला प्रश्न फेटे किती सांगायचे हा असतो. विषय मागाहून ठरतो. या खेपेला विषय होता ऑनलाइन जनुकीय माहितीची साधनं आणि त्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. समन्वयक होते मी, कारण मीटिंगला उशिरा पोचले आणि तोवर बाकीच्यांनी सोपी कामं उचलली होती. मी प्राणिशास्त्र शिकवते. फेटेवाल्याकडे मीच गेले. त्यानं विचारलं, "मॅडम, येणाऱ्या पावण्याचं डोकं केवढं हाय?" मी सांगितलं, डॉक्टरेट झालेला आहे, मध्यम धरा.

पाहुणा हैदराबादहून आला. तिशीतला, मूळचा उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा, आणि स्वभावानं इतका गरीब की उद्घाटनाला बांधलेला फेटा त्यानं जेवणाच्या सुट्टीपर्यंत काढला नाही. काढला तर आमचा अपमान होईल असं त्याला वाटलं होतं. आम्हाला वाटलं, त्याला आवडलाय. समई पेटवायची म्हणून पंखे बंद केले होते आणि नंतर ते सुरू करायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही, त्यामुळे प्राचार्यांचं भाषण नेहमीपेक्षा लवकर आटोपलं. हा उपाय मी पुढच्या वेळेसाठी मनात ठेवला आहे.

विषय तसा सांगायला सोपा. प्रत्येक माणसाच्या पेशीत चार अक्षरांत लिहिलेला एक लांबलचक मजकूर असतो. शास्त्रज्ञांनी त्याचा नकाशा करून वेबसाईटवर ठेवलाय. जागेचा नंबर टाकला की तिथं कुठलं अक्षर आहे, ते कुठल्या जनुकात पडतं, बदललं तर कुठला आजार होतो, सगळं समोर येतं. पैसे पडत नाहीत. आणि पैसे पडत नाहीत म्हणूनच आमच्या भागात त्याच्याकडे कुणी फिरकत नव्हतं. फुकट मिळतंय म्हणजे त्यात काहीतरी गोम असणार, असं आमच्याकडे शिकलेला माणूसही मानतो.

आलेली मंडळी म्हणजे कागल, मलकापूर, इचलकरंजी इथले प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मुलंमुली. निम्मे लोक प्रमाणपत्रासाठी आले होते आणि ते त्यांनी लपवलंही नाही. एका सरांनी आल्या आल्या मला विचारलं, प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी देणार की आधी. मी म्हटलं, शेवटच्या दिवशी, समारोपानंतर, भाषणं झाल्यावर. ते म्हणाले, "मग बसतो की."

पहिल्याच दिवशी दुपारी पाहुण्यानं पडद्यावर एक चित्र लावलं. एका माणसाच्या मजकुराच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून, शेजारी शेजारी मांडल्या होत्या. मध्ये मध्ये लांबच लांब पट्टे निळे केलेले. तिथं दोन्ही प्रती अक्षराला अक्षर सारख्या होत्या. पाहुण्यानं आवाज खाली आणला. तो हिंदीत म्हणाला, यावरून असं दिसतं की या व्यक्तीचे आईवडील एकमेकांचे नातेवाईक असावेत. कुणाच्या घरची वाईट बातमी सांगावी तसा तो थांबला.

मागून कागलचे सर म्हणाले, "मामाची पोरगी केली असंल."

हॉलमध्ये कुणी मान वळवली नाही. पाहुण्याला वाटलं त्याला नीट कळलं नाही. त्यानं विचारलं, इथं असं होतं? मी म्हटलं, होतं. तो म्हणाला, हरकत नसेल तर ज्यांच्या घरात असं लग्न झालंय त्यांनी हात वर करा. निम्म्याहून जास्त हात वर गेले. इचलकरंजीच्या एका बाईंनी दोन्ही हात वर केले. त्यानं विचारलं, दोन का? त्या म्हणाल्या, एक आईवडिलांचा, एक माझा. मी समन्वयक असल्यामुळे हात वर केला नाही. केला असता तर मलाही दोन्ही करावे लागले असते. माझे मालक माझ्या आत्याचे चिरंजीव. आमच्या मुलाला ऐकू चांगलं येतं, ऐकत नाही तो भाग वेगळा.

हे ऐकू येण्याचं मी उगाच काढलेलं नाही. माझी एक विद्यार्थिनी त्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत बसली होती आणि तिनंही हात वर केला नव्हता. तिचं लग्न व्हायचं होतं.

पोरगी कागलकडची. माझ्याकडे नदीतल्या माशांवर पीएच.डी. करते. हुशार आहे, फटकळ आहे, आणि आमच्याकडच्या पुष्कळ मुलींसारखी 'मी येतो', 'मी जातो' असं बोलते. तिचं लग्न इचलकरंजीच्या आतेभावाशी ठरलेलं. ठरलेलं म्हणजे ती शाळेत होती तेव्हापासून घरात सगळे तसंच बोलायचे, आणि मोठी झाल्यावर त्या दोघांनाही ते आवडलं. आत्याला भाची सून म्हणून हवी होती. अडचण एकच होती. आत्याचा थोरला मुलगा जन्मापासून बहिरा आहे, त्यामुळे बोलतही नाही. आणि मुलीच्या आजोबांचा एक भाऊही तसाच होता.

कार्यशाळेच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या केबिनमध्ये येऊन दार लावून बसली. म्हणाली, "मॅडम, कार्यशाळेत आपला डेटा आणा म्हणून लिवलंय. मी माशांचा आणणार न्हाई. माझा आणि त्याचा आणणार हाय."

तिची फाईल काही वर्षांपूर्वीच्या एका संशोधन प्रकल्पातली होती. तेव्हा विद्यार्थ्यांनी रक्त दिलं होतं आणि आलेली माहिती ज्याची त्याला दिली होती. आतेभावाला तिनं आता पटवलं होतं, पुण्याच्या लॅबमध्ये रक्त पाठवलं होतं, त्याचीही फाईल आली होती. कशाला एवढा उपद्व्याप, असं मी विचारलं नाही. मला माहीत होतं. बहिरेपणा एका जनुकातनं घराण्यात फिरत असेल तर त्याची रीत अशी असते: एका प्रतीत बिघाड असला तरी दुसरी प्रत सांभाळून घेते, माणसाला काही होत नाही. पण नवरा आणि बायको दोघांकडेही एकेक बिघडलेली प्रत असली, आणि मुलाच्या वाट्याला दोन्हीकडून तीच आली, तर मूल बहिरं. प्रत्येक बाळंतपणाला चारात एक अशी शक्यता.

"दोघांच्यात निघालं तर मी लग्न करणार न्हाई," ती म्हणाली. "थोरल्याचं कसं गेलंय ते मी बघितलंय, मॅडम. लहानपणी मी त्याच्याबरोबरच ऱ्हायचो सुट्टीला. आणि निघालं तर आत्याला तुम्ही सांगायचं."

"मी का म्हणून?"

"तुम्ही गाईड हायसा की."

माशांसाठी आहे मी गाईड, असं म्हणणार होते. पण ती नखं खात होती, आणि ती नखं खाणाऱ्यातली नाही. हो म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपापल्या डेटावर काम होतं. पाहुणा रांगेरांगेतनं फिरत होता. कुणी भाताचा, कुणी म्हशीचा, कुणी दह्यातल्या जिवाणूंचा डेटा आणलेला. मलकापूरच्या सरांनी काहीच आणलं नव्हतं, ते शेजाऱ्याच्या स्क्रीनवर बोट ठेवून सूचना करत होते. मी मुद्दाम तिसऱ्या रांगेच्या मागं उभी राहिले. तिनं आधी आतेभावाची फाईल उघडली. त्यातला एक नंबर घेऊन वेबसाईटच्या चौकटीत टाकला. नंबर बरोबर ऐकण्याच्या जनुकात जाऊन पडला. तिथलं अक्षर बदललेलं, बदल ओळखीचा, बहिरेपणा आणणारा म्हणून नोंदलेला. म्हणजे आतेभावाची एक प्रत बिघडलेली होती. हे धरूनच चाललो होतो आम्ही.

मग तिची फाईल. त्यातही त्याच भागात एक बदललेलं अक्षर होतं. तिनं नंबर टाकला. पान उघडायला वेळ लागला, आमचं इंटरनेट दुसऱ्यांदा चहा आला की मंदावतं. उघडलं तेव्हा स्क्रीनवर काही नव्हतं. नंबर ऐकण्याच्या जनुकापासून बराच लांब, मोकळ्या जागेत पडला होता. तिथं कुठलंच जनुक नाही, आजार नाही, काही नाही.

तिनं पुन्हा टाकला. पुन्हा मोकळं.

ती वळून माझ्याकडे बघून हसली, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी तिला म्हटलं, आता आधी मासे संपव. शेजारच्या मुलीला तिनं सांगितलं, त्या मुलीनं पुढच्या रांगेला सांगितलं, आणि चहा संपायच्या आत सगळ्या हॉलला कळलं की पोरगी लग्नाला मोकळी झाली. आमच्याकडे गुपित एवढंच टिकतं. कुणीतरी खाली जाऊन पेढे आणले. पाहुण्यानंही पेढा खाल्ला, कशाबद्दल ते त्याला शेवटपर्यंत कळलं नसावं. ती बाहेर व्हरांड्यात जाऊन आतेभावाला फोन करून आली. आत्यानं साखरपुड्याची तारीख धरलेली होती, ती पक्की करायला सांगितली.

जेवणानंतरचं सत्र नकाशाच्या आवृत्त्यांवर होतं. जेवणानंतर असलं सत्र ठेवू नये. पाहुणा सांगत होता की माणसाच्या मजकुराचा नकाशा एकदाच झालेला नाही. मधे मधे तो सुधारला, कुठं राहिलेला मजकूर घातला, कुठं चुकीचा काढला, त्यामुळे पुढचे सगळे नंबर सरकले. म्हणून फाईल जुन्या नकाशावरची आहे की नव्या, हे आधी बघावं. वेबसाईट आपोआप नवा नकाशा उघडते. जुना हवा असेल तर वर कोपऱ्यात बारीक अक्षरांत सोय आहे. निम्मा हॉल पेंगत होता. मलकापूरच्या सरांना राहवलं नाही. ते उठून म्हणाले, "सोपं हाय हो. सर्व्हे नंबर आणि गट नंबर. जमीन तीच, उताऱ्यावर नंबर दुसरा."

सगळा हॉल एकदम जागा झाला. ज्यांना सकाळपासून काही कळलं नव्हतं त्यांनाही हे कळलं. पाहुण्यानं गट नंबर म्हणजे काय विचारलं, तर चार जण एकदम सांगायला लागले आणि विषय कुणाच्या तरी बांधाच्या भांडणावर गेला. पाहुण्यानं ते सगळं लिहून घेतलं.

मी हसत होते. हसता हसता तिसऱ्या रांगेकडे लक्ष गेलं. पोरगी हसत नव्हती. तिनं स्वतःची फाईल पुन्हा उघडली होती आणि सगळ्यात वरची ओळ वाचत होती. ती ओळ कुणी वाचत नाही. मी तिच्या मागं जाऊन उभी राहिले. तिथं नकाशाची आवृत्ती लिहिलेली होती. जुनी.

जुना नंबर टाकला की नवा काढून देणारं एक पान असतं, पाहुण्यानं नुकतंच दाखवलं होतं. तिनं त्यात आपला नंबर टाकला. नवा नंबर आला. तो तिनं कशाशी ताडून बघितला नाही. आतेभावाचा नंबर तिला सकाळपासून पाठ होता, आणि हा तोच होता. तेच जनुक, तीच जागा, तेच अक्षर. फाईल पुन्हा बघितली तर बदलही तोच.

"मॅडम," ती म्हणाली, "पेढे वाटून झालं की हो."

मी माऊस हातात घेऊन तोच नंबर पुन्हा टाकून बघितला. आणि मग राग आला. कुणाचा यावा हे ठरेना. त्या वेबसाईटवाल्यांचा आला, एवढी महत्त्वाची गोष्ट कोपऱ्यात बारीक अक्षरांत ठेवतात म्हणून. मलकापूरच्या सरांचा आला, ते अजून बांधावरच होते. पेढे आणणाऱ्याचा आला. मी पाहुण्याला खुणेनं बोलावलं. त्यानं खाली बसून दोन्ही फायली तपासल्या, पुन्हा पहिल्यापासून तपासल्या, आणि मग कालच्यासारखाच आवाज खाली आणला. म्हणाला, या संशोधनाच्या फायली आहेत, यावर काही ठरवू नका, रीतसर तपासणी करून घ्या, या विषयातल्या डॉक्टरांना भेटा. शहाणा माणूस. कालच्या फेट्याचा वळ अजून त्याच्या डोक्यावर आहे असं मला उगाच वाटलं.

समारोपाला सहभागी झालेल्यांपैकी एकानं मनोगत सांगायचं असतं. त्यासाठी तिचं नाव आधीच पत्रिकेत छापलेलं. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला उभं करते. ती म्हणाली, नको. स्टेजवर गेली, माईक खाली ओढला, आणि म्हणाली की या कार्यशाळेतून खूप काही शिकायला मिळालं, नकाशाची आवृत्ती बघायची हे विशेष लक्षात राहील. टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या.

पुढच्या काही आठवड्यांत दोघांची रीतसर तपासणी झाली. तेच आलं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सगळं समजावलं: गरोदरपणात तपासता येतं, जन्मल्यावर लगेच कळलं तर कानात मशीन बसवता येतं, पुष्कळ काही करता येतं, निर्णय तुमचा. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, तो काय म्हणतोय? ती म्हणाली, "तुझं काय ते तू ठरव म्हणतोय." असले पुरुष मला आवडत नाहीत, ठरव म्हणून मोकळे होणारे. पण मग ती म्हणाली, "रडत हुता ओ फोनवर." तेव्हा मी माझं मत मागं घेतलं.

"मोडायचं," ती म्हणाली. "रविवारी येतायसा न्हवं?"

आतेभावाशी संसार केलेली बाई दुसरीचं आतेभावाशी ठरलेलं लग्न मोडायला निघाली, हे मला एसटीत बसल्यावर चांगलंच टोचलं. पण तिला मी काय सांगणार होते? माझ्या वेळी नकाशाच नव्हता. जुना नाही आणि नवाही नाही. आम्ही डोळे झाकून लग्न केलं आणि आमचं बरं झालं, याला अक्कल म्हणत नाहीत. पोरीचं डोकं जागेवर होतं आणि मी तिच्या बाजूनं होते.

आत्याचं घर मागाच्या शेडच्या वरच आहे. खाली माग चालू असले की वर बोललेलं नीट ऐकू येत नाही, फरशी थरथरते, कपबशी आपोआप बाजूला सरकते. आत्याचे मालक खाली शेडमध्ये होते. आत्यानं पोहे केले, चहा केला, आणि मला म्हणाली, "बरं झालं आलासा मॅडम. पत्रिका द्यायला मीच येणार हुतो." मी घाईनं चहाचा कप उचलला.

थोरला मुलगा नुकताच मागावरची पाळी संपवून वर आला होता. केसांत कापसाचे तंतू तसेच. तो कॉटच्या कडेला बसला, धाकटा, म्हणजे ज्याच्याशी ठरलेलं तो, त्याच्या समोर. धाकट्याची एक सवय माझ्या लगेच लक्षात आली. घरात कुणी काही बोललं की त्याचे हात आपोआप चालायचे, थोरल्याला सगळं सांगायचे. आत्यानं मला पोहे घ्या म्हटलं तेही त्यानं सांगितलं. स्वतः तो माझ्याकडे बघत होता, हातांकडे त्याचं लक्षही नव्हतं.

मी सुरुवात केली. वर्गात सांगते तसं सांगितलं, दोन प्रती, एक बिघडलेली, एक चांगली. आत्या ऐकत होती. मधेच म्हणाली, "म्हंजे पोरीत दोष हाय?"

"दोघांच्यात आहे."

"माझ्या पोरात?"

"तुमच्याकडनंच आलाय ताई. तुमच्या माहेरचा आहे तो. आणि थोरल्याला झालं म्हणजे तुमच्या मालकांकडेही असणारच. दोन्हीकडनं आल्याशिवाय होत नाही."

जरा तोडून बोलले मी. माझा स्वभावच तसा आहे, आणि खालचे माग ऐकू देत नव्हते म्हणून ओरडून बोलावं लागत होतं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "त्यो पोटात असताना गिरान लागलंतं. मी भाजी चिरली. सासू मरंपर्यंत म्हणत हुती, तुझ्या ईळीनं पोराचं कान गेलं."

"ग्रहणाचा, भाजीचा काही संबंध नाही."

"न्हाय?"

"काहीच नाही."

आत्यानं पदर डोळ्याला लावला. मला वाटलं ती लग्नासाठी रडतेय, पण ती त्या भाजीसाठी रडत होती. बराच वेळ. मग तिनं तोंड पुसलं आणि नेमकं विचारलं, "मग लग्नाचं काय म्हणतायसा?"

मी पोरीकडे बघितलं. ती खाली बघत होती. मग मीच म्हटलं, "ताई, यांना होणारं मूल बहिरं होऊ शकतं. म्हणून..."

धाकट्याचे हात थांबले.

थोरल्यानं त्याला कोपरानं ढोसलं. हात मांडीवर तसेच पडून. थोरल्यानं पुन्हा ढोसलं, मग आत्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. त्याला कळलं होतं की काहीतरी मोठं बोललं गेलंय आणि त्याला ते सांगत नाहीत. एरवी पोहे घ्या म्हटलेलंही सांगतात. मी ताटलीतले पोहे चमच्यानं सारखे करत बसले. माझं वाक्य अर्धंच राहिलं होतं आणि आता ते पुरं करायची मला शरम वाटायला लागली. हा माणूस समोर बसलाय, अंगानं धट्टाकट्टा, आताच पाळी करून आलेला, आणि मी त्याच्या घरात बसून सांगतेय की त्याच्यासारखं कुणी होऊ नये म्हणून आम्ही आलोय.

पोरीनं ताटली खाली ठेवली. सरकून थोरल्याच्या समोर बसली. हातानं बोलायला ती लहानपणीच शिकलेली. मला ती भाषा येत नाही, पण त्या दिवशी सगळं कळलं. तिनं धाकट्याकडे आणि स्वतःकडे बोट केलं. पोटावर हात ठेवला. मग गुडघ्याएवढ्या पोराची उंची दाखवली. कानाला हात लावला. आणि मग त्याच्याकडे बोट केलं, तुझ्यासारखं. ते बोट तिनं लगेच खाली घेतलं नाही. घेता आलं नसावं.

थोरला विचार करत बसला. आपण एखाद्याला घराचा पत्ता विचारल्यावर तो आठवतो तसा. मग त्यानं भराभर हात केले, पोरीला थोडं सांगितलं आणि शेवटी एकदा आत्याकडे बोट केलं.

"काय म्हणतोय?" आत्या म्हणाली.

धाकटा खिडकीकडे बघायला लागला. आत्याला जेव, झोप, ये, जा एवढ्याच खुणा येतात, हे मला तेव्हा कळलं. एवढ्या वर्षांत तेवढ्यावरच भागवलेलं.

"काय म्हणतोय गं?"

"शाळेत लवकर घाला म्हणतोय, आत्या," पोरगी म्हणाली. "माझ्यागत घरात ठेवू नका म्हणतोय."

खाली माग चालू होते. आत्या उठली, बसली, पुन्हा उठली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शाळा लई लांब हुती ओ मॅडम. मिरजंला हुती. एवढंसं पोरगं, त्याला बोलता येत न्हाई, तिथं कुणाच्या गळ्यात घालायचं? मला सोडवंना. मोठा झाला मग घातला, तवर त्येचं शिकायचं वय गेलं." हे सगळं ती मला सांगत होती. ज्याला सांगायचं तो हातभर अंतरावर बसला होता, पण त्याला सांगण्याएवढ्या खुणा तिच्याकडे नव्हत्या.

"थांब, मी सांगतो त्याला," पोरगी म्हणाली, आणि तिनं सांगितलं. बराच वेळ लागला. थोरल्यानं ऐकलं, म्हणजे बघितलं, आणि आईच्या पाठीवर एक थाप मारली. माफ केलं म्हणून की पुरे आता म्हणून, ते मला नाही सांगता येणार.

माझं अर्धं वाक्य मी पुरं केलं नाही. पोरीनंही केलं नाही. आत्यानं दुसऱ्यांदा चहा टाकला, तो पिऊन आम्ही निघालो.

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागायची होती. आम्ही बाकावर बसलो. मी म्हटलं, "मोडायचं राहिलं की गं. अजून वेळ आहे. मी पुन्हा येते पाहिजे तर. घाबरून हो म्हणू नकोस, आणि दया येऊन तर मुळीच म्हणू नकोस."

ती गाडीच्या वाटेकडे बघत होती. मला वाटलं, ऐकलंच नाही.

मग म्हणाली, "आत्याला हातानं बोलायला शिकवायला पायजे आधी. मी कॉलेजला आल्यावर पोरगं दिवसभर तिच्याजवळच ऱ्हाणार न्हवं."